खोगीरभरतीची खरी किंमत

दिवाळी अंकाच्या संपादकाला ज्या शब्दाची धास्ती असते, तो शब्द म्हणजे ‘खोगीरभरती’. पाने भरली पण आत काही नाही, असा शेरा कुणी मारला की वर्षभराच्या कष्टांवर पाणी पडते. मंत्रिमंडळ असो, साहित्य संमेलनातला परिसंवाद असो की क्रिकेटचा संघ असो. जिथे मोजायला नग पुष्कळ आणि उपयोगाचे थोडे, तिथे आपण हा शब्द बिनदिक्कत वापरतो. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत खोगिरात भरायचा माल हा मूळ अर्थ आणि टाकाऊ भर हा लाक्षणिक अर्थ, असे दोन्ही सापडतात. पुढे मूळ अर्थ गळून पडला आणि शिवी तेवढी उरली.

या लेखात मला त्या मूळ अर्थाची बाजू मांडायची आहे. खोगिराची भरती टाकाऊ नव्हती. घोड्याची पाठ आणि स्वाराचे वजन यांच्यात जो समेट होत असे, तो या भरतीमुळे होत असे. घोडा विकत घेताना त्याची रुंदी जोखायची आणि मग त्या पाठीला बसेल असे खोगीर करायचे, ही एक सलग विद्या होती. तिचा पहिला भाग पोथ्यांत आणि बाजारात थोडाफार उरला. दुसरा भाग, म्हणजे भरती, म्हणींत जाऊन हास्यास्पद झाला.

आधी शब्द पाहू. ‘खोगीर’ फारसीतून आला. त्यातला पहिला भाग ‘खूय’ किंवा ‘खोय’ म्हणजे घाम. दुसरा ‘गीर’ म्हणजे धरणारा. जहांगीर, आलमगीर, दस्तगीर या नावांतला ‘गीर’ तो हाच. खोगीर म्हणजे घाम धरणारे, घाम टिपणारे. मूळ फारसीत हा शब्द जिनाखालच्या जाड नमद्याला लावत. मराठीत तो सबंध बैठकीला लागला, कारण आपल्याकडची बैठक मुख्यतः अशीच होती: कापड, नमदा आणि आत भरती. गंमत अशी, की ‘बारगीर’ या शब्दातही तोच ‘गीर’ आहे. ‘बार’ म्हणजे ओझे. ओझे धरणारा तो बारगीर. घाम धरणारे खोगीर आणि ओझे धरणारा बारगीर हे दोन्ही शब्द एकाच पाठीवर कसे बसले, ते पुढे येईलच.

घोडे नसलेल्या किनाऱ्यावरून

मालवणच्या माणसाने घोड्यांवर लिहावे, याचे काहींना हसू येईल. आमच्या मुलखात होडीची पारख करणारे घरोघर सापडतील. घोड्याची करणारा शोधावा लागेल. इथला पाऊस, चिकट चिखल, जांभ्याचा खरबरीत कातळ आणि चढउतार घोड्याला मानवत नाहीत. दख्खनात ज्या कुळथाचा घोड्यांना खुराक देत, त्याची पिठी करून आम्हीच खातो. इंग्रजीत या कुळथाचे नावच ‘घोड्याचे कडधान्य’ अशा अर्थाचे आहे. महाराजांनी १६६४ साली मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला तोही समुद्रावर नजर ठेवण्यासाठी. घोड्यांच्या टापांसाठी नव्हे.

तरीही दख्खनच्या घोड्यांचा इतिहास या किनाऱ्याला टाळून लिहिता येत नाही. घोडे इथे निपजत नव्हते. ते इथे उतरत होते. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो ठाण्याविषयी लिहितो, की तिथल्या राजाचा समुद्री चाच्यांशी करार होता: लुटीतला बाकीचा माल तुमचा, घोडे तेवढे माझे. सोळाव्या शतकाच्या आरंभी दुआर्ते बार्बोसा दाभोळच्या बंदराचे वर्णन करताना तिथल्या घोड्यांच्या आयातीची दखल घेतो. १५१० मध्ये अल्बुकर्कने गोवे घेतले, त्यामागच्या हिशेबात होर्मुझहून येणाऱ्या घोड्यांच्या व्यापारावरचा ताबा हे मोठे कलम होते. पुढे १५४७ मध्ये पोर्तुगीजांनी विजयनगरशी तह केला, तेव्हा गोव्यात उतरणारे घोडे विजयनगरलाच मिळावेत हे त्यातले महत्त्वाचे कलम ठरले.

या व्यापारातला मला सर्वांत जवळचा वाटणारा माणूस मात्र राजा किंवा सरदार नाही. अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी १४७० च्या आसपास चौलला उतरला, तो एक घोडा बरोबर घेऊन. तो विकून नफा करावा हा बेत. घाट चढून तो जुन्नरला गेला, पावसाळ्यात अडकला, तिथल्या खानाने घोडाच काढून घेतला, पुढे तो परत मिळाला आणि अखेर बिदरकडे विकला गेला. निकितीन लिहितो, की या मुलखात घोडे निपजत नाहीत, बैल आणि म्हशी निपजतात आणि ओझी त्यांच्यावरच लादतात. घोड्यांना कडधान्य आणि साखर-तूप घालून शिजवलेली खिचडी चारतात, हेही तो नोंदवतो.

खिचडीची ही नोंद गमतीची म्हणून सोडून देऊ नये. महिनाभर गलबतावर उभा राहून आलेला घोडा किनाऱ्यावर उतरतो तेव्हा त्याच्या पाठीवरचे मांस गेलेले असते, कणा वर आलेला असतो. त्याला खिचडी चारून दोन-तीन महिन्यांत भरवला की तोच घोडा दिसायला दुसरा होतो. विजयनगरविषयी लिहिणारा फर्नाव नुनीश स्वतः घोड्यांचा व्यापारी होता. तो सांगतो, की राजा दरसाल तेरा हजार घोडे खरेदी करी. आणि साळुव नरसिंहाच्या काळी तर समुद्रात मेलेल्या घोड्याची नुसती शेपटी आणून दाखवली तरी किंमत मिळे. जिथे शेपटीलाही दाम आहे, तिथे पाठीची रुंदी उतरवून घेण्याच्या वेळी कोण मोजणार? पारख व्हायची ती नंतर, तबेल्यात, भरवून झाल्यावर.

इथे एक साधी गोष्ट लक्षात येते. घोड्याची उंची ठरलेली असते. रुंदी ठरलेली नसते. खुराक, काम, वय आणि ऋतू यांप्रमाणे ती कमीजास्त होते. म्हणून ज्या दिवशी घोडा घेतला त्या दिवशी बसलेले खोगीर वर्षभर बसेलच, अशी हमी कुणी देऊ शकत नाही.

पोथीतला घोडा

आपल्याकडे अश्वपरीक्षेचे ग्रंथ पुष्कळ आहेत. शालिहोत्राचे नाव तर या विद्येलाच पडले. जयदत्ताचे ‘अश्ववैद्यक’ आणि नकुलाच्या नावावरचे ‘अश्वचिकित्सित’ एकोणिसाव्या शतकात कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने छापले. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त घोड्यांचे प्रकरण आहे. तंजावरच्या भोसल्यांच्या सरस्वती महाल ग्रंथालयातून नकुलाचे ‘अश्वशास्त्र’ १९५२ मध्ये चित्रांसह प्रसिद्ध झाले. आणि या सगळ्या जुन्या सामग्रीकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहायला ज्यांनी शिकवले, ते भांडारकर संस्थेचे अभिरक्षक प. कृ. गोडे मूळचे आमच्याच कोकणातले, देवरुखचे. रिकिबीचा इतिहास आणि घोड्याचा खुराक म्हणून हरभऱ्याचा इतिहास यांवरचे त्यांचे निबंध वाचले, तेव्हा माझ्यासारख्या पदवीशिवाय संशोधन करणाऱ्या माणसाला धीर आला. हरभऱ्यावर शोधनिबंध होऊ शकतो, तर भरतीवरही होईल.

या ग्रंथांत मापे आहेत का? आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातल्या अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात उत्तम घोड्याची मापे दिली आहेत: तोंड ३२ अंगुळे, लांबी तोंडाच्या पाचपट, नळी २० अंगुळे, उंची नळीच्या चौपट आणि घेर १०० अंगुळे. म्हणजे उंची ८० आणि घेर १००. आता ज्याने घोड्याच्या छातीला दोरी लावून पाहिली आहे, त्याला हे पटेल. खांद्यापाशी मोजलेल्या उंचीहून छातीचा घेर नेहमी जास्त भरतो. अंगुळ पाऊण इंचाचे धरून हिशेब केला तर ८० अंगुळे म्हणजे पाच फूट होतात. ही उंची खांद्यापर्यंतचीच असणार.  १०० अंगुळांचा घेर म्हणजे सव्वासहा फूट, आणि तो मोठ्या जातिवंत घोड्याला शोभतो. म्हणजे दोरी लावून घेर मोजण्याची रीत सरकारी तबेल्यात दोन हजार वर्षांपूर्वी होती.

पण घेर म्हणजे रुंदी नव्हे. दोन घोड्यांचा घेर सारखा असून एकाची छाती खोल आणि पाठ अरुंद, तर दुसऱ्याची छाती उथळ आणि पाठ पसरट असू शकते. खोगिराला घेर दिसत नाही, पाठ दिसते. वराहमिहिराच्या बृहत्संहितेतल्या अश्वलक्षणात छाती आणि माकडहाडाचा भाग रुंद असावा असे येते, पण त्यापुढे लगेच भोवऱ्यांची गणती सुरू होते: कोणत्या जागी केसांचा भोवरा शुभ, कोणत्या जागी अशुभ.

बाजारातही भोवऱ्यांचाच जोर राहिला. तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तिथे मी दोन वर्षे फिरलो. गिऱ्हाईक गळ्याखाली देवमण शोधते, चारही पाय आणि कपाळ पांढरे असलेला पंचकल्याणी असेल तर किंमत वाढवून बोलते, दात बघते, चाल बघते, खोड विचारते. यात गैर काही नाही. दात आणि चाल तर पाहायलाच हवी. पण पाठीवरून हात फिरवणारी माणसे मला हातांच्या बोटांवर मोजण्याइतकीही दिसली नाहीत.

आणि पाठ खूप काही सांगते. खोगिराने पाठ लागली, जखम झाली आणि भरली, की त्या जागी पुष्कळदा पांढरे केस येतात. पांढऱ्या रंगावरून शुभाशुभ ठरवणाऱ्या पारखीला हा पांढरा ठिपका जन्मखूण वाटू शकतो. खरे तर तो मागच्या मालकाच्या हलगर्जीपणाचा दाखला असतो. खांद्यांच्या मधल्या उंचवट्यावर असा ठिपका असेल तर खोगीर खाली बसून तिथे घासत होते. उंचवट्याच्या दोन्ही अंगांना सारख्या जागी असेल तर ते तिथे चिमटत होते.

छपराचा कोन

हे चिमटणे आणि खाली बसणे म्हणजे काय, ते कोकणातल्या वाचकाला छपरावरून चटकन कळेल. घोड्याची पाठ खांद्याच्या मागे पाखाडीच्या छपरासारखी असते. मधला कणा म्हणजे आढे, दोन बाजू म्हणजे दोन पाखाड्या. अरुंद घोड्याचे छप्पर उभे, रुंद घोड्याचे पसरट. लाकडी सांगाड्याच्या जिनाची पुढची कमान म्हणजे आयती केलेली कैची. तिचा कोन छपराच्या कोनाशी जुळला पाहिजे.

उभ्या कोनाची कैची पसरट छपरावर ठेवली तर ती मधे अधांतरी राहते आणि टोके पाखाडीत रुततात. हे अरुंद जीन रुंद घोड्यावर. पुढून जीन उचललेले दिसते, स्वार मागे कलतो, आणि कमानीची टोके खांद्यामागच्या मांसात शिरतात. उलट पसरट कैची उभ्या छपरावर ठेवली तर ती सरळ आढ्यावरच बसते. हे रुंद जीन अरुंद घोड्यावर. स्वार पुढे कलतो आणि सगळा भार खांद्यांमधल्या हाडावर येतो. कणा मोकळा राहिला पाहिजे, वजन दोन्ही बाजूंच्या मांसल पट्ट्यांवर सारखे पडले पाहिजे, हा नियम जगभर एकच.

नियम पाळला गेला की नाही हे घामावरून कळते. तासभर काम करवून जीन उतरवले की त्याखालची पाठ दोन्ही बाजूंना सारखी ओली दिसली पाहिजे आणि मधली कण्याची वाट मोकळी. ओल्या भागात मधेच एखादा कोरडा ठिपका दिसला तर तिथे एक तर जीन टेकतच नव्हते किंवा इतके दाबत होते की घामही आला नाही. बोटाने दाबल्यावर घोडा अंग चोरतो का, यावरून दोन्हींतला फरक कळतो. घाम धरणाऱ्या वस्तूला ‘खोगीर’ म्हणणाऱ्यांनी नाव उगाच दिले नव्हते.

बारगिराचा घोडा, शिलेदाराचे भांडवल

आता मराठ्यांच्या घोडदळाकडे येऊ. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ मध्ये जिंजीला लिहिलेल्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला, दहा जुमल्यांचा हजारी. आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. बारगिराचा घोडा सरकारी, शिलेदाराचा घोडा स्वतःचा.

या भेदाचा खोगिराशी थेट संबंध आहे. शिलेदाराचा घोडा हे त्याचे भांडवल होते. त्याच्यासाठी मापाचे जीन करून घेणे त्याला परवडो न परवडो, निदान घोडा तोच असे. बारगिराचे तसे नव्हते. आजचा घोडा थकला, लंगडला, पडला की पागेतला दुसरा मिळायचा. एक अरबी वंशाचा उंच, उभ्या पाठीचा. दुसरा भीमाकाठचा भीमथडी तट्टू, बुटका आणि काटक. प्रत्येकाच्या पाठीचा कोन वेगळा. लाकडाची कमान दर वेळी बदलता येत नाही. भरती मात्र बदलता येते.

त्यावर सभासदच सांगतो तो वर्षाचा क्रम जोडा. पावसाळ्यात लष्कर आपल्या मुलखात छावणीला. दाणा-वैरणीची सोय आधीच केलेली. दसरा होताच कूच. मग आठ महिने परमुलखात. दसऱ्याला निघणारा घोडा छावणीत खाऊन भरलेला, पाठ पसरट. माघ-फाल्गुनापर्यंत मजला मारून तोच घोडा वाळलेला, पाठ उभी. दसऱ्याला नेमके बसलेले खोगीर होळीला खांद्यांमधल्या हाडावर टेकणार. अशा वेळी मोतद्दार किंवा स्वार स्वतः काय करील? खांद्यामागे जिथे मांस गेले, तिथे भर वाढवील. हीच ती खोगीरभरती. तिच्यावाचून लांबच्या मोहिमेत घोड्याची पाठ शाबूत राहणे कठीण होते.

छावणीत घोडा किती जपला जावा याचा महाराजांच्या मनातला हिशेब चिपळूणजवळच्या हळवर्ण मुक्कामीच्या लष्कराला लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात दिसतो. कोकणात अडकून पडलेल्या या घोडदळाच्या अधिकाऱ्यांना त्यात बजावले आहे, की दाणा-वैरण आधीच उधळून टाकाल तर भर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील. रयतेकडून ओरबाडू नका. रात्री दिवे उघडे ठेवू नका, उंदीर पेटती वात नेईल आणि गवताच्या गंजी जळतील. जो राजा उंदराने नेलेल्या वातीपर्यंत विचार करतो, त्याच्या पागेत भरतीला कुणी फालतू म्हटले असेल, असे मला वाटत नाही.

मात्र भरतीचे सामर्थ्य एकाच दिशेने चालते, हेही सांगितले पाहिजे. खोगीर घोड्याला रुंद पडत असेल तर भरतीने ते जुळवता येते. अरुंद पडत असेल तर भरती घालून दाब आणखी वाढतो. तंग जोड्यात चिंध्या कोंबल्याने जोडा सैल होत नाही. म्हणून जाणता माणूस घोडा आणि खोगीर जुळवताना खोगीर किंचित ऐसपैस ठेवतो आणि उरलेली जागा भरतीवर सोपवतो. भरती उणे भरून काढते. अडचण दूर करीत नाही.

इंग्रजांनाही हे इथेच उमगले असे म्हणायला भाषेचा पुरावा आहे. इंग्रज स्वार जिनाखाली घालायच्या गादीला ‘नमना’ म्हणतात. तो शब्द आपला ‘नमदा’ आहे. हिंदुस्थानी पागांतून उचलून त्यांनी तो घरी नेला आणि आजही त्यांच्या घोड्यांच्या दुकानांत तो मानाने विकला जातो. त्याच पागेतली आपली ‘खोगीरभरती’ मात्र आपण हसण्यावारी नेली.

तार आणि वर्तमानपत्र

हा विषय माझ्यासाठी कागदाबाहेर आला तो तीन वर्षांपूर्वी. आमच्या भागातल्या एका तरुणाने लग्नाच्या वराती आणि किनाऱ्यावरचे पर्यटक अशा दुहेरी धंद्यासाठी घोडा घ्यायचे ठरवले. मी जुन्या कागदांत घोडे हुडकतो हे त्याला ठाऊक होते. आला तोच म्हणाला, “काका, जीन मिळालो हा, आता घोडो बघूचो हा.” मी म्हटले, “उलटो कारभार झालो मगे तुझो.” कोल्हापुरातून स्वस्तात मिळाले म्हणून त्याने लाकडी सांगाड्याचे जुने जीन आधीच आणून ठेवले होते.

पण जीन हाती असेल तर त्याच्या मापाचा घोडा शोधणे हेही शहाणपणच आहे, फक्त मोजता आले पाहिजे. मला मोजायला शिकवले ते घाटावरच्या एका म्हाताऱ्या नालबंदाने. बांधकामाची वाकणारी तार हातभर घ्यायची. घोडा सपाट जमिनीवर चारही पायांवर सारखा उभा करायचा. मान खाली घातली तर पाठीचा आकार बदलतो. खांद्याचे हाड हाताने चाचपून त्याच्या मागे चार बोटांवर तार पाठीवर आडवी ठेवायची आणि दाबून दोन्ही बाजूंना बसवायची. अलगद उचलून वर्तमानपत्रावर ठेवायची आणि आतल्या कडेने पेन्सिल फिरवायची. मग बैठकीच्या मध्यावर एक रेघ आणि शेवटच्या बरगडीपाशी एक. या तीन रेघा म्हणजे घोड्याची पाठ. पुठ्ठ्यावर चिकटवून कापल्या, की जिनाच्या कमानीखाली धरून पाहता येतात. शेवटी मागे स्टुलावर उभे राहून पाठीवरून पुढे पाहायचे. एक खांदा दुसऱ्याहून भरलेला असेल तर तो वरून दिसतो, बाजूने कधीच दिसत नाही.

घाटावर दोन घोडे पाहिले. पहिला पंचकल्याणी, गुबगुबीत, विकणाऱ्याने बाजारासाठी चांगला भरवलेला. दुसरा साधा लाल, मध्यम बांध्याचा. जिनाचा पुठ्ठा आम्ही घरूनच कापून नेला होता. पहिल्यावर तो मधे दोन बोटे अधांतरी राहिला. दुसऱ्यावर बऱ्यापैकी टेकला, पण त्याच्या उंचवट्याच्या दोन्ही अंगांना रुपयाएवढे पांढरे ठिपके होते आणि तिथे बोट ठेवताच तो कान मागे पाडी. विकणारा म्हणाला, “जन्मापासूनचे आहेत, दादा.” जन्मखुणेला बोट लावल्याने घोडा रागावत नाही.

तरुणाने पहिला घोडा घेतला आणि जीन विकून टाकले. त्याऐवजी रुंद कमानीचे दुसरे आणले, तेही किंचित सैल, आणि दोन जाड नमदे. पावसाळ्यानंतर वाळूत काम सुरू झाले तसा घोडा उतरला. दिवाळीच्या सुमारास जीन पुढे कलू लागले. आम्ही पुन्हा तार लावली. जुन्या रेघेवर नवी रेघ ठेवली तर ती प्रत्येक बाजूला बोटभर आत आली होती. खांद्यामागे नमद्याच्या दोन पट्ट्या घातल्या आणि जीन पुन्हा सपाट झाले. सभासदाने सांगितलेला दसरा ते होळी हा क्रम मी त्या वर्तमानपत्रावर, पेन्सिलीच्या दोन रेघांत पाहिला.

शब्दाचा उतार

१८१८ नंतर घोडदळे मोडली. पागा ओस पडल्या, बारगीर शेतीला लागले किंवा दुसऱ्या चाकरीत गेले. खोगीर घोड्याच्या पाठीवरून तट्टाच्या आणि ओझ्याच्या बैलाच्या पाठीवर आले. आत जे मिळेल ते कोंबले जाऊ लागले. चाळीस वर्षांच्या आत छापलेल्या कोशात ‘खोगीरभरती’ला टाकाऊ हा अर्थ मिळालेला आहे. तो त्याआधीही बोलीत असेल. पण त्याला आवर घालणारी माणसे, म्हणजे ज्यांच्या रोजच्या कामात भरतीचा नेमका उपयोग होता, ती आता उरली नव्हती. शब्दाचा अर्थ घसरतो तेव्हा बहुधा त्यामागचा एखादा धंदा आधी बसलेला असतो.

घोडे मात्र अजून आहेत. माथेरानला माणसे आणि सामान त्यांच्या पाठीवरूनही जाते. राज्याच्या किनाऱ्यांवर आणि शहरांतल्या वरातींत ते रोज उभे असतात. भीमथडी ही तर अलीकडे कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने देशी जात म्हणून अधिकृतपणे नोंदली. याचा इतिहासप्रेमींना आनंद झाला, मलाही झाला. पण ज्या जातीचा आपण अभिमान बाळगतो, तिच्या पाठीवर काय बसते, हे पाहणे त्या अभिमानातच येते. वरातीच्या घोड्याची झूल जरीची असते. झुलीखाली काय आहे ते कुणी उचलून पाहत नाही.

तेव्हा कुणी घोडा घ्यायला निघाले असेल, तर देवमण जरूर पाहावा, दात मोजावेत, चाल पाहावी. त्यानंतर हातभर तार आणि एक जुने वर्तमानपत्र बरोबर न्यावे, खांद्यामागे हात फिरवावा आणि पांढऱ्या केसांपाशी थांबावे. खोगीर घ्यावे ते थोडे सैल. उरलेल्या जागेत जे घालावे लागते ते उपकाराचे असते, भराभर कोंबायचे नसते. जुन्या मराठीत त्यालाच खोगीरभरती म्हणत.